माझ्या तोंडचे संवाद

ज्या सिनेमामुळे लोक मला ओळखतात, त्यात माझ्या आवाजातला एकही शब्द नाही. चेहरा माझा, रडणं माझं, पण तोंडातून निघणारा शब्द न् शब्द मुंबईच्या एका चाळिशीतल्या बाईंचा. घरचे आणि धंद्यातले चार लोक सोडले तर हे कुणाला माहीत नव्हतं. आता सांगायला हरकत नाही. गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा एका सिनेमात काम केलं, आणि तो यायच्या आधीच आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर माझे लहानपणीचे फोटो 'कमबॅक' म्हणून फिरायला लागलेत. एका पुतणीने फोटोखाली लिहिलंय, 'तोच गोड आवाज परत ऐकायला मिळणार.' नाही मिळणार गं बाई. म्हणून हे लिहायला घेतलं.

सिनेमाचं नाव लिहीत नाही. दिग्दर्शक आता नाहीत. निर्मात्यांबद्दल पुढे जे येणार आहे ते त्यांच्या नातवंडांनी वाचावं अशी माझी इच्छा नाही. ओळखणारे ओळखतीलच.

१९९० साल. मी सांगलीत चौथीत होते. दिग्दर्शकांचे एक पाहुणे आमच्या गल्लीत राहायचे आणि दिवाळीला ते त्यांच्याकडे आलेले. मी त्यांच्या दारात पायरीवरून पडले, गुडघा फोडून घेतला आणि रडले. आता मूल रडतं त्यात विशेष काय? पण माझ्या रडण्याला आवाज नसायचा. खालचा ओठ थरथरायचा आणि डोळ्यांतून नुसतं घळाघळा पाणी. भोकाड पसरायची सोयच नव्हती, कारण माझा घसा जन्मापासून बसलेला. आजी म्हणायची, "ही बोलाय लागली की कुणीतरी फळी कापतंय वाटतंय." टॉन्सिल्स काढून झाले, ज्येष्ठमधाच्या काड्या चघळून झाल्या, घसा होता तसाच राहिला. दिग्दर्शकांनी मात्र माझा घसा ऐकलाच नाही. त्यांनी तोंड बघितलं आणि तिथल्या तिथे पप्पांना विचारलं.

त्यांना माझं एवढं अप्रूप का वाटलं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा सिनेमा फिल्मवर निघायचा. कॅमेऱ्यात चारशे फुटांची फिल्म बसायची आणि ती साडेचार मिनिटांच्या आत संपायची. कच्च्या फिल्मचा एकेक डबा निर्माता दागिन्यासारखा जपायचा. मोठ्या नटीच्या डोळ्यांत ग्लिसरीन घालावं लागायचं, ते चुरचुरलं की मेकअप पुसायचा, पुन्हा लावायचा, तोवर ऊन सरकायचं. आणि इथे एक पोरगी 'ॲक्शन' म्हटल्याबरोबर पहिल्याच टेकला रडत होती, तेसुद्धा फुकट. माझ्या अभिनयाचं जे काही कौतुक सेटवर झालं, त्यातलं निम्मं वाचलेल्या फिल्मचं होतं, हे मी आज खात्रीने सांगते.

शूटिंग पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला एका वाड्यात झालं. कॅमेरा ॲरिफ्लेक्स टू-सी, म्हणजे चालू झाला की खर्रर्र असा आवाज. वाड्यात बंदिस्त जागेत शॉट असला की त्याच्यावर गोधडी टाकायचे, तरी तो ऐकू यायचाच. त्यामुळे सेटवर कुणी गप्प बसायचंच नाही. शॉट चालू असताना दिग्दर्शक मला मोठमोठ्याने सांगत असायचे, "आता बघ तिकडं... आई चालली तुझी... ओठ आवळ... शाब्बास... आता म्हण." मी म्हणायची. बाजूला लाइटवाले एकमेकांना हाका मारायचे, कोंबडी ओरडायची. कशाचंच बिघडायचं नाही. संवाद सगळे नंतर मुंबईला डबिंगमध्ये भरायचे होते. सेटवर पायलट म्हणून एक आवाज टेप करून ठेवायचे, तो फक्त डबिंगवेळी संदर्भाला.

डबिंगला मला बोलावलंच नाही. "शाळा बुडेल," एवढंच पप्पांनी सांगितलं. पप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. शूटिंगपायी त्यांच्या आधीच बऱ्याच रजा बिनपगारी झालेल्या. त्यामुळे मलाही ते खरं वाटलं.

सिनेमा लागला तेव्हा पहिल्या खेळाला आमचं अर्धं खानदान एका रांगेत. मी नवा परकर-पोलका घालून मधोमध. पडद्यावर मी आले, टाळ्या पडल्या, मी तोंड उघडलं आणि आतून कुणीतरी भलतीच मुलगी बोलली. लाडिक, बारीक, साखरेत घोळलेला आवाज. मी मागे वळून बघितलं. खरंच बघितलं, मला वाटलं थेटरात कुणी पोरगी बोलतेय. पुन्हा पडद्याकडे बघितलं तर ओठ माझेच हलत होते. शेजारी आई पदर तोंडाला लावून मुसमुसत होती. शेवटच्या प्रसंगात ती पडद्यावरची मुलगी "आईऽऽ" अशी हाक मारते आणि पुढच्या रांगेतल्या बायका हुंदके देऊन रडायला लागल्या. त्या हाकेच्या वेळी मी पन्हाळ्याला काय ओरडले होते ते मला चांगलं आठवत होतं. घसा फाटून नुसती हवा बाहेर आली होती.

इंटर्व्हलला पप्पा भडंगाची पुडी घेऊन आले. मी विचारलं, "हे कोण बोलतंय?" ते म्हणाले, "तूच की. मशीनमधनं असं येतंय." तेव्हा मला ते पटलं. नवव्या वर्षी मशीनबद्दल काहीही पटतं.

शहरात सिनेमा बरा चालला, पण खरी कमाई जत्रांमधली. पुढची काही वर्षं तो तंबूत फिरत राहिला. आमच्या मामाच्या गावच्या जत्रेत मी तो असा पाहिलाय की मला बघायला जास्त गर्दी की पडद्याला, हेच कळत नव्हतं. तंबूत पडदा मधे, पुढून एक घोळका बसलेला, मागून दुसरा. मागच्यांना सगळं उलटं दिसायचं. त्यांच्या लेखी मी डावखुरी होते. जेवणाच्या प्रसंगात मी डाव्या हाताने घास घेते म्हणून एका म्हातारीने आईला तोंडावर सुनावलं होतं.

प्रसिद्धी म्हणजे काय, तर लग्नाकार्यात कुणीतरी दंडाला धरून मधोमध उभं करायचं आणि म्हणायचं, "रडून दाखव की गं." मी रडायची. लोक टाळ्या वाजवायचे, हातावर पाच रुपये ठेवायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "आता ते 'आई'चं म्हणून दाखव." मी म्हणायची, आणि समोरच्यांच्या चेहऱ्यावर ते यायचं, आइस्क्रीम म्हणून लोण्याचा घास तोंडात गेल्यासारखं. "घसा बसलाय वाटतं पोरीचा," असं म्हणून आई वेळ मारून न्यायची. हळूहळू आईने मला एक सवयच लावली. चारचौघांत फक्त हसायचं, मान हलवायची, बोलायचं नाही. साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन, गणेश मंडळाचं बक्षीस वाटप, शाल, नारळ, मान हलवणं. शाळेत उलटं. तिथे मी तोंड उघडलं की मागच्या बाकावरून मुली त्या गोड आवाजात माझी नक्कल करायच्या. माझीच नक्कल मला जमत नव्हती आणि त्यांना हुबेहूब यायची.

पुढचं थोडक्यात. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' आला आणि मराठी सिनेमात डोळ्यांतल्या पाण्याला जो भाव आला तो आला. निर्माते रडणारी मुलं शोधत होते. आणि नेमकी तेव्हाच मी ताडमाड वाढायला लागले. सहावीत आईच्या खांद्याला लागले. लहान मुलगी म्हणून उभं करावं तर नायिकेच्या बरोबरीची दिसायची, आणि नायिका व्हायला अजून किमान सहा वर्षं होती. या वयाच्या मुलींना सिनेमात कामच नसतं. एक दुसरा सिनेमा मिळाला होता, बहिणीचा रोल होता. थोडं शूटिंग झालं, निर्मात्याचे पैसे संपले, सिनेमा डब्यात गेला. पप्पांना दिलेला पाच हजारांचा चेक बँकेतून परत आला. पप्पांनी तो फाडला नाही की त्यावर भांडले नाहीत. देवघराखालच्या खणात घड्या घालून ठेवला. दर दिवाळीच्या साफसफाईत तो हाताला लागायचा आणि परत आत जायचा.

इथे एक गोष्ट सांगते, विषयाला धरूनच आहे. अमेरिकेत जॅकी कूगन नावाचा मुलगा होता, चॅप्लिनच्या 'द किड'मधला, १९२१ सालचा. त्याने लहानपणी लाखो डॉलर मिळवले. मोठा झाल्यावर बघतो तर आई आणि सावत्र बापाने बहुतेक सगळे उडवलेले. त्याने १९३८ मध्ये कोर्टात दावा लावला, हाताला चिल्लर लागली, पण त्याच्या नावाने १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा कायदा झाला. तो पुढे टकला, जाडजूड होऊन टीव्हीवरच्या 'द ॲडम्स फॅमिली'तला अंकल फेस्टर म्हणून परत आला. मला ही गोष्ट आवडते ती शेवटासाठी. ज्या गोजिरवाण्या चेहऱ्यावर जग फिदा होतं, तो चेहरा पार गेल्यावर त्याला काम मिळालं. आमच्याकडे प्रकार उलटा होता, आईवडिलांनी एक पैसा खाल्ला नाही. खायला आलाच नव्हता.

विसाव्या वर्षी मी मुंबईला गेले. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झालं, पाठोपाठ ई टीव्ही मराठी, आणि रोजच्या मालिकांचा कारखाना धडधडायला लागला. सांगलीत सगळ्यांचं म्हणणं, आता तुझेच दिवस. आत्याकडे डोंबिवलीला राहायची, आठ-सत्तावन्नची पकडायची, हातात फोटोंची फाइल. फोटो बघून लोक खुर्ची द्यायचे. "अरे, ही ती!" चहा यायचा. मग म्हणायचे, जरा हे वाचून दाखव. आणि मालिकांमध्ये डबिंग नव्हतं. तिथे बोलाल तेच रेकॉर्ड होणार, आज शूट केलेलं परवा दाखवायचं. मी वाचायची. समोरचा माणूस कागदात डोकं घालायचा. एकाने निदान सरळ सांगितलं, "चेहरा सुनेचा आहे, आवाज सासऱ्याचा." खोलीतले सगळे हसले. मीही हसले. विनोद चांगलाच होता, फक्त माझ्यावर होता.

त्याच फेऱ्यांमध्ये अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत मला त्या भेटल्या. मी कशासाठी गेले होते ते आठवत नाही. बाहेर बाकड्यावर पन्नाशीच्या एक बाई डबा खात बसल्या होत्या. चष्मा, सुती साडी, पायात स्लिपर. कुणीतरी माझी ओळख करून दिली, तशी त्यांनी चपातीचा घास हातातच धरून माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या ओठांकडे बघितलं. आणि म्हणाल्या, "तू होय ती! किती गं पटपट बोलायचीस तू. घाम काढलास माझा."

आवाज साधा होता, जाडसर. मी गप्पच. मग त्यांनी सांगितलं. तेव्हा सिनेमाचे तुकडे तोडून, दोन्ही टोकं जोडून त्याचा लूप करायचे. तो तुकडा प्रोजेक्टरवर गोल गोल फिरत राहायचा, तेच तेच चित्र पुन्हा पुन्हा, आणि ओठांशी ओठ जुळेपर्यंत आपण बोलत राहायचं. "तुझा तो 'आई'वाला लूप," त्या म्हणाल्या, "बारा वेळा रडले मी त्याच्यावर. तू एकदाच रडलीस, मी बारा वेळा. रेकॉर्डिस्ट म्हणे, बाई, पाणी प्या." त्यांच्या पर्समध्ये त्या दिवशीच्या कामाची चिठ्ठी होती, तीन वेगवेगळ्या मुलांचे आवाज करायचे होते, त्यातला एक मुलगा. मी विचारलं, आता येतं का ते? त्यांनी घास डब्यात ठेवला, बोटं पुसली, मान किंचित वर केली आणि म्हणाल्या, "आईऽऽ".

दहा वर्षं शाळेतल्या मुली ज्याची नक्कल करत होत्या, ते हेच. माझ्या अंगावर काटा आला. त्यांनी लगेच घास उचलला आणि म्हणाल्या, "खातेस का? मेथीची भाजी आहे." आम्ही अर्धी-अर्धी चपाती खाल्ली. सिनेमाच्या पाट्यांत त्यांचं नाव नव्हतं, हे मी त्यांना विचारून खात्री करून घेतलं. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, निदान तसं दाखवलं तरी नाही. मला वाटलं. शाल मला, नारळ मला, आणि रडलेल्या त्या.

त्यानंतर काही महिन्यांत मी सांगलीला परत आले. बी.कॉम. पुरं केलं, पतसंस्थेत लागले, लग्न झालं, लेक झाली. कर्जाच्या हप्त्याची आठवण करून देणारे फोन माझ्याकडे असायचे. माझ्या आवाजात वसुली छान होते असं आमचे मॅनेजर म्हणायचे, आणि मला वाटतं तिथेच पहिल्यांदा या घशाला कुणी काम दिलं.

दुसरं काम नाटकाने दिलं. सांगलीत राहून नाटकापासून लांब राहणं तसं अवघडच. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथेच केलं, त्यामुळे इथे प्रत्येक गल्लीत एक तरी माणूस स्वतःला त्यांचा वारस समजतो. आमच्या हौशी संस्थेच्या अण्णांनी मला राज्य नाट्य स्पर्धेच्या एका नाटकात घेतलं, म्हातारीच्या भूमिकेत. मी तिशीत होते. मी म्हटलं, अण्णा, आवाज असा आहे. ते म्हणाले, "भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत जातोय ना? मग झालं." तालमीनंतर कट्ट्यावर अण्णा जुन्या गोष्टी सांगायचे. मास्टर विठ्ठलची गोष्ट त्यांनीच सांगितली.

विठ्ठल कोल्हापूरचा गडी, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला. मूकपटांच्या जमान्यात तलवारबाजीचा राजा. १९३१ मध्ये पहिला बोलपट 'आलम आरा' निघाला, त्याचा नायक हाच. आधीच्या कंपनीने करार मोडला म्हणून खटला घातला, तर विठ्ठलच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर जिना, आणि जिंकलेसुद्धा. एवढं करून पहिल्या बोलपटात गेला, आणि त्याची उर्दू काही जमेना. मग त्याला बऱ्याच प्रसंगांत अर्धवट शुद्धीतच दाखवला म्हणतात. भारतातल्या पहिल्या बोलक्या सिनेमाचा नायक, आणि त्याने बोलू नये म्हणून ही तजवीज! पुढे तो मराठी सिनेमांत लहानसहान कामं करत राहिला, १९६९ मध्ये गेला. अण्णा ही गोष्ट दुःखाची म्हणून सांगायचे. मला ती ऐकून फार हलकं वाटलं होतं. म्हणजे ही भानगड माझ्या घशाची एकट्याची नव्हती.

ललिता पवारांचं नाव मात्र अण्णांनी काढलं की आमचं वाजायचं. येवल्याच्या ललिताबाई मूकपटाच्या काळात लहान वयात आलेल्या, नायिका झालेल्या, स्वतः सिनेमे काढलेल्या. १९४२ मध्ये एका प्रसंगात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेच्या भूमिका संपल्या. मग 'रामशास्त्री'तली आनंदीबाई, मग सगळ्या हिंदुस्थानची सासू, 'अनाडी'साठी फिल्मफेअर, शेवटी दूरदर्शनच्या रामायणातली मंथरा. अण्णा म्हणायचे, बघ, थप्पड बसली म्हणून एवढी मोठी झाली. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. ती थप्पड बसली नसती तर बाई काय झाल्या असत्या, ते आपल्याला कुठे ठाऊक आहे? त्यांनी मिचक्या डोळ्याचं सोनं केलं ही त्यांची कर्तबगारी. त्याचं श्रेय थप्पडेला कशाला?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि आमच्या गावभागातल्या घरात माळ्यापर्यंत पाणी आलं. फोटोंची फाइल, सिनेमाची व्हिडिओ कॅसेट, पोस्टर, पप्पांचा तो खणातला चेक, सगळा चिखल झाला. सिनेमाची प्रिंट कुठे आहे ते कुणाला सांगता येत नाही. यूट्यूबवर अर्धवट, ठिपक्या-ठिपक्यांची एक कॉपी आहे, तिच्यात रंग उडालेत पण तो आवाज मात्र खणखणीत आहे.

तर नवा सिनेमा. दिग्दर्शक तिशीतला मुलगा, त्याने आमचं एक स्पर्धेचं नाटक बघितलं होतं. माझा तो सिनेमा त्याने पाहिला नव्हता, त्याचा जन्म त्यानंतरचा. फोनवर म्हणाला, मावशी, सेल्फ टेप पाठवा. लेकीने स्वयंपाकघरात फ्रिज बंद करून मोबाइलवर शूट केलं. दुसऱ्या दिवशी फोन. "आवाज असाच आहे, की सर्दी झालीय?" आयुष्यभर हाच प्रश्न. मी म्हटलं, असाच आहे. तो म्हणाला, "मग शूटिंगपर्यंत काही औषध-बिवषध घेऊ नका."

भूमिका एसटी स्टँडवर कँटीन चालवणाऱ्या बाईची. शूटिंग जतच्या पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून. आणि सगळं सिंक साउंड, म्हणजे शूटिंगला बोलाल तेच सिनेमात, नंतर डबिंग नाही. 'लगान'पासून ही पद्धत परत रुळली असं ऐकून होते, पण स्वतः अनुभवणं वेगळं. लहानपणी जिथे लाइटवाले बोंबलत होते, तिथे आता दोनशे मीटरवर मोटारसायकल थांबवायला पोरं उभी. चहाच्या कपांच्या बुडाला खालून फेल्टच्या चकत्या चिकटवलेल्या, ठेवताना टक् होऊ नये म्हणून. संवाद असेल तेवढा वेळ गॅस बंद, कारण शेगडीचा सूंऽऽ आवाज माइक आधी पकडतो. माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्यांवरून अर्धा तास खल झाला. काढा म्हणाले. मी म्हटलं, कँटीनवाली बाई हिरव्या बांगड्या घालणारच, आणि आमच्या आत्यांना कळलं तर त्या जतला येऊन ओरडतील. शेवटी साउंडच्या पोराने चार-चार बांगड्यांचे जुडगे करून मधे पारदर्शक चिकटपट्टी फिरवली. दिसायला बांगड्या, वाजायला काही नाही.

पहिल्या दिवशी मी भावे नाट्यमंदिराच्या शेवटच्या रांगेसाठी बोलले. त्या पोराने हेडफोन काढून कान चोळला. दिग्दर्शक जवळ येऊन म्हणाला, "मावशी, तुमच्या छातीवर माइक आहे. तुम्ही श्वास घेतला तरी मला कळतो." मग दिवसभर नुसतं कमी, अजून कमी. प्रत्येक प्रसंग संपला की सगळ्यांनी जिथल्या तिथे उभं राहायचं, मिनिटभर हूं की चूं नाही, त्या जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. रूम टोन म्हणतात. पन्हाळ्याचा तो सेट आठवून मला त्या मिनिटात हटकून हसू यायचं.

खरी पंचाईत झाली ती डोळ्यांची. एका प्रसंगात मुलगा गेल्याची बातमी बाईला कळते आणि ती कँटीन चालवत राहते. रडायचं नाही, हे कागदावर अधोरेखित केलेलं. 'ॲक्शन' झालं आणि माझ्या डोळ्यांतून धार. कट. पुन्हा 'ॲक्शन', पुन्हा धार. नऊ वर्षांच्या पोरीला जे येत होतं ते इतक्या वर्षांनी बटण दाबल्यासारखं चालू, आणि या वेळी ते कुणालाच नको होतं. दिग्दर्शक वैतागला नाही. त्याने गल्ल्यातली चिल्लर माझ्यापुढे ओतली आणि म्हणाला, बोलता बोलता मोजा, बरोबर आकडा सांगायचाय. एकचे, दोनचे, पाचचे, दहाचे वेगळे. मी मोजत गेले, बोलत गेले. पतसंस्थेतली बोटं. नाणी वेगळी लागली की डोळे आपोआप कोरडे राहतात, हे मला त्या दिवशी कळलं. शॉट झाल्यावर मी म्हटलं, दोनशे सत्तेचाळीस. त्याने पुन्हा मोजून बघितले, बरोबर होते.

माझ्या नातवाचं काम करणारा मुलगा आठ वर्षांचा. त्याची आई, तिचा डबा, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा कागद, सगळं सोबत. २०१७ च्या नियमांप्रमाणे मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतले किमान वीस टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव करायची. मी त्याच्या आईला पावती दाखवायला लावली. पतसंस्थेची सवय आहे, पावती बघितल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. मुलगा भारी चुणचुणीत. जेवताना म्हणाला, "आजी, तुम्ही पण लहानपणी सिनेमात होता ना? मग मोठेपणी काय झालं?"

मी म्हटलं, "उंची."

लेकीने मला मधे त्या की हुई क्वानचं ऑस्करचं भाषण दाखवलं, २०२३ चं. 'इंडियाना जोन्स'मधला तो छोटा मुलगा, पुढे काम मिळेना म्हणून पडद्यामागे मारामाऱ्या बसवत राहिला आणि पन्नाशीत परत आला. तिला वाटलं, मला स्फूर्ती मिळेल. मला त्याच्या रडण्यापेक्षा त्याने मुलाखतीत सांगितलेलं दुसरंच जास्त लक्षात राहिलं. ज्या सिनेमाने त्याला ऑस्कर दिलं, त्याचं शूटिंग संपल्यावरही त्याला काम मिळत नव्हतं आणि त्याचा आरोग्य विमा गेला होता. नट लोक विम्यावर खरं बोलतात.

सिनेमा कधी येणार, ते वितरकाच्या हातात आहे. मराठी सिनेमाला सकाळी साडेनऊचा खेळ मिळाला तर आमच्या पतसंस्थेतलं कुणीही येणार नाही, हे मी दिग्दर्शकाला सांगून ठेवलंय. सेटवर त्याने मला माझा एक प्रसंग हेडफोनवर ऐकवला. मी तो अर्धाच ऐकला आणि काढून दिला. चांगला आहे की वाईट, ते मला कळत नाही. माझा आहे.

मागच्या आठवड्यात त्या साउंडच्या पोराचा फोन आला. दाक्षिणात्य सिनेमे मराठीत डब करून टीव्हीवर लावतात, तिथे एका आजीबाईंच्या भूमिकेला आवाज हवाय. मूळ नटी मोठ्या आहेत म्हणे, ओठ फार पटपट हलतात, दोन जणी सोडून गेल्या. मी विचारलं, पाट्यांत नाव येणार का? तो म्हणाला, मावशी, डबिंगवाल्यांचं कोण टाकतंय. मी म्हटलं, टाका, आणि अर्धे पैसे आधी. त्याने विचारलं, चेक पाठवू का घरी?

"चेक नको," म्हटलं, "यूपीआय कर."